दीड फेरा

हर्णै बंदर ते दापोली, मग आतली पाच गावं.
दोन पेट्या बांगडा, एक पेटी बर्फ आणि मी.
एवढं ओढायला माझ्या दिराने, भालूने,
जुन्या एम-एटीचं पोट कापलं,
सिलिंडर मोठा केला, वर बसवला
भंगारात मिळालेला दुसऱ्याच गाडीचा कार्बोरेटर.
मग भालू गेला कुवेतच्या टगवर.
गाडी राहिली, तिची भूक राहिली.

लिटरला सव्वीस.
बर्फाच्या वहीच्या मागल्या पानावर लिहिलंय,
खाली दोनदा रेघ मारून.

हमदुले चाचाचं गॅरेज म्हणजे
चार पोफळीचे खांब, वर झापं.
त्याने प्लग काढला, उन्हात धरला,
वैद्याने जीभ बघावी तसा.
"काळी. जास्त जातंय पोटात, पचत नाही."

मग जेट. पितळेचा, तुरीच्या दाण्याएवढा,
मधे भोक, दिसेल न दिसेल असं.
त्या भोकातून रोज
माझे साठ-सत्तर रुपये जात होते.

पंचाण्णवचा काढला, नव्वदचा घातला.
सुईची क्लिप एक खाच वर.
हवेचा स्क्रू आधी घट्ट आत,
मग बाहेर, एक फेरा, सव्वा...
"कान लाव वैनी. कुठे मोकळी होते, तू सांग."
बत्तीस वर्षं मी मासा कल्ल्यावरून ओळखते.
कानाने काही ओळखायची ही पहिली वेळ.
दीडला तिचा आवाज उचलला,
वाळूत रुतलेली होडी
पाण्याला लागते तसा.

एकतीस.
चौतीस.
तेहेतीस, वारा समोरून.
सदतीस, पण पेट्या रिकाम्या, धरायचं नाही.
पस्तीस.

मला हाव सुटली, खरं सांगते.
रात्री अंगणात, मोबाईलच्या उजेडात,
भालूच्याच पेचकसाने आणखी अर्धा फेरा.
चाळीस!
लिहिताना पेन कागदात रुतलं.
गाडी हलकी पळत होती, जराशी कोरडी,
उपाशी पोर खेळायला पळतं तशी.
ते वहीत दिसत नाही.

आसूदच्या चढणीला, सुपारीच्या बागा मागे पडतात तिथे,
आत कुणीतरी गोट्या सांडल्यासारखं वाजलं
आणि मागचं चाक धरलं.
पाय टेकले, पडले नाही.
पेट्या सुटल्या नाहीत. बर्फ ठिबकत राहिला
डांबरावर.
पदराने धरून प्लग काढला, तरी बोट भाजलं.
पांढरा. शिंपल्याच्या चुन्यासारखा पांढराफटक.

बांगडा तिथेच विकला, वळणावर,
एसटीतून उतरणाऱ्यांना, शंभराला आठ.
एका मास्तरणीने नऊ मागितले. दिले.

चाचा रागावला नाही.
पिस्टनवरचे ओरखडे बोटाने चाचपत म्हणाला,
"पेट्रोल नुसतं जळत नाही गो, गारही करतं.
तेवढं तिच्या वाटणीचं तिला ठेवायचं."
रिंगा, घासकाम, अकराशे सत्तर.
वहीत तेही आहे.

आता दीडवरच असते.
पहाटे बंदरात हवा ओली, मिठाची,
तिथे जरा घरघरते, मी बोलत नाही.
चढण संपली की आपोआप मोकळी होते.
रविवारी प्लग काढून बघते:
आंबोळीच्या कडेचा रंग. परत लावते.

काल भालूचा फोन आला.
"काय देते गाडी?"
"पस्तीस."
"छे! मी असतो तर चाळीस काढली असती."
मी म्हटलं, हो.
त्याच्या मागे टगचं इंजिन चालू होतं.
मी फोन कानाला दाबून धरला, नीट ऐकलं.
म्हटलं, भालू, ते जरा जास्त खातंय.
तिथल्या माणसाला सांग.